पहिल्या चेंडूचा मान

मी एका माणसाला सैन्यात पाठवले. त्यामागे देशप्रेम होते असे आमच्या गावात मानले जाते, आणि हा समज मी पंधरा वर्षे मुकाट्याने तसाच राहू दिला. खरे कारण एवढेच होते, की मला आमच्या क्रिकेट संघात सलामीला जायचे होते, आणि तो गावात असेपर्यंत ते शक्य नव्हते.

हे वाक्य लिहिण्यापूर्वी मी तीन कागद फाडले. पहिल्या कागदावर स्वतःला तरुण म्हटले होते, दुसऱ्यावर अविचारी, तिसऱ्यावर परिस्थितीचा बळी. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि केले ते पुरता विचार करून केले होते.

आमचे गाव मुरबाडहून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. भात कापून झोडून झाले, पेंढा रचला, की खाचरे मोकळी होत आणि मुरबाड-शहापूर तालुक्यांतल्या गावागावांत सहा षटकांचे, टेनिसच्या चेंडूचे सामने सुरू होत. मैदान म्हणून वेगळी जागा कोणाकडेही नव्हती. एका खाचरातली धसकटे काढायची, पाणी मारायचे, शेणकाला पसरायचा, आणि देवळाच्या कामातून उरलेला सिमेंटचा पाइप मातीने भरून त्यावरून फिरवायचा. झाली खेळपट्टी. पहिल्या बांधाला चौकार, दुसऱ्या बांधापलीकडे षटकार.

अडचण एकच होती. भात निघाल्यावर त्याच ओलीवर लोक वाल पेरतात. ज्याच्या खाचरात खेळपट्टी, त्याचा वाल बुडाला. म्हणून जुन्या जाणत्यांनी एक तोड काढली होती. ज्याचे खाचर, त्याच्या घरचा माणूस प्रत्येक सामन्यात, परगावीसुद्धा, आमच्या संघाचा पहिला चेंडू खेळणार. हा त्या घराचा मान. सलामीच्या दोन जागांपैकी एक कर्णधाराने, कीट त्याच्या मामाने दिलेले असल्यामुळे, आधीच घेतली होती. उरलेली ही मानाची. आणि मान म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. होळीला पहिला नारळ कोणी टाकायचा यावरून गावातली दोन घरे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

ज्या घराचे खाचर होते, त्या घराला एकुलता एक मुलगा होता. एकोणीस वर्षांचा, लांब हातांचा, आणि बोलण्यापेक्षा हसणे सोपे पडणारा. मानाने जागा मिळालेला माणूस खेळात कच्चा असता, तर मला माझ्या मत्सराला न्याय म्हणता आले असते. पण तो उत्तम खेळत असे. त्याने बांधापलीकडच्या करवंदीच्या जाळीत चेंडू घातला, की तो काढायला गेलेले चौघे संध्याकाळपर्यंत काटे उपटत बसत.

मी चौथ्या क्रमांकावर होतो. माझ्याकडे तंत्र होते. डावा पाय पुढे टाकून, सरळ बॅटने, चेंडू पायाशी मारून टाकण्याचा मी आरशासमोर सराव केला होता. सहा षटकांच्या सामन्यात ही कला म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून उपवास सोडायला नकार देणे होय, हे मला कोणीतरी सांगायला हवे होते. मला मात्र वाटे, की मला वेळ मिळत नाही एवढेच. सलामीला पाठवा, मग पाहा.

एके दिवशी मुरबाडच्या एसटी स्टँडवर भिंतीला लावलेली सैन्यभरतीची सूचना वाचली. वाचताना मनात जे चित्र उभे राहिले त्यात तिरंगा नव्हता, धावफलक होता.

त्याच संध्याकाळी मी त्याला बांधावर गाठले.

“छाती किती रे तुझी?”

“मोजली नाय, मास्तर. का, शर्ट शिवताय काय?”

“देशाला तुझ्यासारख्यांची गरज आहे.”

तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. “पण मास्तर, सिझन हाय ना. शहापूरवाल्यांची टुर्नामेंट संक्रांतीनंतर हाय.”

“सीझन दरवर्षी येतो,” मी म्हणालो. “भरती येत नाही.”

इतके चांगले वाक्य मी त्यापूर्वी वा त्यानंतर वर्गात कधी बोललो नाही.

पुढचे तीन महिने मी त्याला घडवले. पहाटे तो रस्त्याने पळे आणि मागून मी सायकलवर, हातात घड्याळ. जांभळाच्या फांदीला लोंबकळून तो हनुवटी वर नेई आणि मी मोजी. छाती फुगवून दोन बोटे वाढत नव्हती, म्हणून त्याला रोज चार अंडी आणि सहा केळी चारली. लोक दारात उभे राहून पाहत. “मास्तर असावा तर असा,” म्हणत. एक म्हातारी तर म्हणाली, “सख्खा भाऊ करणार नाय एवढा.” ते खरेच होते. सख्ख्या भावाला मी एवढे दूर पाठवले नसते.

त्याच्या घरात विरोध होता तो त्याच्या आईचा. त्यांना सारे गाव काकी म्हणे. वडील पडवीत विळ्याला धार लावत बसले होते आणि या विषयात त्यांनी विळ्याशिवाय कोणाशी संवाद ठेवला नव्हता. काकींनी चहा पुढे ठेवला.

“मास्तर, एकच हाय माझा. तिकडं लढाई झाली तर?”

“काकी, आता लढाया होत नाहीत. ते दिवस गेले.”

“तुमी पेपर वाचता, तुमाला ठाव. त्याच्या मनात हाय काय जायाचा, का तुमच्या?”

या प्रश्नापाशी मी थांबायला हवे होते. मी चहाचा एक घोट घेतला आणि म्हणालो, “देशाच्या मनात आहे, काकी.”

काकींनी पदराने हात पुसले. मग म्हणाल्या, “तुमी सांगता म्हणून जाऊ देते. आमाला काय कळतंय? पण बघा हां मास्तर, तुमी सांगितलात म्हणून.”

तो भरती झाला. नाशिकच्या बाजूला झालेल्या भरतीत धावण्यात पहिल्या दहांत आला. गणिताच्या पेपरातली उदाहरणे मी करून घेतलेल्यांपैकीच निघाली. त्याला निरोप द्यायला कसाऱ्यापर्यंत मीच गेलो. गाडी हलताना त्याने खिडकीतून हात धरला आणि म्हणाला, “मास्तर, तुमचे उपकार...” त्याला पुढे बोलता आले नाही, आणि मला त्याच्याकडे पाहता आले नाही. त्याला वाटले मलाही रडू येते आहे.

परत येताना, इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, मी बसमध्ये मनातल्या मनात सलामीला खेळून घेतले. उंबरमाळीपासून शहापूरपर्यंत माझ्या एकवीस धावा झाल्या होत्या.

पुढच्या हंगामाच्या आरंभी देवळासमोर संघाची बैठक बसली. कर्णधार म्हणाला, “आता पहिल्या चेंडूचा काय करायचा? पोरगा तर गेला फौजेत.” मी घसा साफ केला. पण त्याआधी मागून दुसरा घसा साफ झाला. मुलाचे वडील खांबाला टेकून बसले होते.

“खाचर कोणाचा?” त्यांनी विचारले.

“तुमचा, काका.”

“वाल कोणाचा बुडतो?”

“तुमचा.”

“मग काय करायचा म्हंजे? घरात मी नाय काय? मी मेलो काय?”

 काका पन्नाशीच्या पुढचे होते. त्यांनी आयुष्यात बॅट धरलेली कोणी पाहिली नव्हती. कर्णधाराने आशेने माझ्याकडे पाहिले, मास्तर काहीतरी समजावतील म्हणून. पण मानाच्या गोष्टीत बोलायला तोंड स्वच्छ लागते. माझे तोंड मी तीन महिने देशसेवेवर खर्च केले होते.

पहिला सामना सरळगावच्या बाजूला होता. काका गुडघ्यापर्यंत दुमडलेला लेंगा, डोक्याला पंचा, अशा वेषात उतरले. बॅट त्यांनी कुऱ्हाडीसारखी धरली होती, आणि खरे म्हणजे तिचा उपयोगही त्यांना बचावासाठीच करायचा होता. लाउडस्पीकरवरून समालोचन करणारा पहिल्या षटकाच्या अखेरीस म्हणाला, “काकांनी खांब रोवलाय मंडळी! हा खांब आता शिमग्यालाच निघणार!”

तिसऱ्या षटकापर्यंत काकांच्या समोरच्या टोकाचे दोघे मोठे फटके मारण्याच्या नादात बाद झाले आणि मी आत गेलो. मी चेंडू मोकळ्या जागेत ढकलला आणि “या!” असे ओरडून धावलो. खेळपट्टीच्या मध्यावर पोचलो तेव्हा काका बॅटीवर रेलून उभे होते.

“काका, पळा!”

“कशाला?”

“रन आहे, काका!”

“घाई काय हाय मास्तर? टोकावड्याची गाडी सुटत्ये काय?”

मी धावबाद झालो. काका सहा षटकांनंतर नाबाद परतले. धावा चार, त्यातल्या दोन लेगबायच्या, पण ते आमच्या गुणलेखकाला कळत नसे. काकांना मात्र आपण सामना वाचवला अशी खात्री होती. आम्ही हरलो होतो, ही बाब त्यांच्या लेखी वेगळी होती. “बाद तर झालो नाय ना?” ते सर्वांना विचारत घरी गेले.

असे पाच हंगाम गेले. काका उत्तरोत्तर अधिक भक्कम होत गेले. मी चौथ्याच क्रमांकावर राहिलो. मुलाची पत्रे येत, काका-काकींना लिहिता-वाचता येत नसल्याने ती मी वाचून दाखवी, आणि प्रत्येक पत्रात तोच प्रश्न असे. “बाबा ओपनिंगला जातात हे खरं काय? मास्तर, तुमी कितव्या नंबरला?” मी उत्तरात ‘परिस्थितीनुसार’ असे लिहीत असे.

मग १९९९चा उन्हाळा आला आणि कारगिलची बातमी आली.

गावात रंगीत टीव्ही एकच होता. तिकडे इंग्लंडात विश्वचषक चालू होता, आणि माणसे सामना बघत बघत बातम्यांची वेळ झाली की आवाज वाढवत. काकी दाराशी बसत, पडद्याकडे न बघता. एकदा त्या शाळेत आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, नकाशात दाखवा.” मी भिंतीवरचा नकाशा दाखवला. नेमका तिथे वरचा खिळा ठोकलेला होता. मी खिळ्यावर बोट ठेवले.

“किती लांब?”

“खूप लांब.”

“कसारा घाटाहून पण वर?”

“हो, काकी. फार वर.”

“तिथं वारा असेल,” त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या. लढाया होत नाहीत असे मी सांगितले होते, याची त्यांनी आठवण करून दिली नाही. ती करून दिली असती तर मला त्या रात्री जेवण गेले असते.

पत्रे थांबली. भातलावणी आली. त्याच खाचरात काकी गुडघाभर चिखलात रोपे लावत होत्या. खेळपट्टीचा पट्टा इतका टणक झाला होता, की नांगर लागत नसे आणि त्या बावीस यार्डांत रोप पिवळे, खुजे राही. वरून पाहिले तर हिरव्या शेतात आजारी माणसासारखा तो पट्टा दिसे. मी रोज शाळा सुटल्यावर मुरबाडच्या पोस्टात जाई. तिथला कारकून मला पाहूनच मान हलवी. परत आलो की काकी बांधावरून विचारत, “आला काय कागद?” आणि मी विचार करी, की नाही म्हणायची पाळी माझ्यावर येणे हीच माझी शिक्षा आहे, पण शिक्षा मला व्हायला हवी होती, त्यांना का?

देवाला मी नवस केला नाही. नवस करताना कारण सांगावे लागते.

श्रावणात आंतरदेशीय पत्र आले. मी ते वाटेतच फोडले आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसून वाचले. तो जिवंत होता. “लावणी झाली काय? बाबांनी यंदा किती काढले? इथं आमी मोज्यात चिंध्या भरून बॉल केलाय. सिक्स मारली की आणायला कोण जात नाय, म्हणून सिक्स मारेल तो आऊट.” शेवटी वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या. “मास्तर, गोळ्यांच्या आवाजानं डाव्या कानाला ऐकू येत नाय. आईला हे वाचू नका.”

मी वाचले नाही. काकी रडत, हसत ऐकत होत्या, आणि मी शेवटच्या दोन ओळींवर अंगठा ठेवून बसलो होतो. त्या अंगठ्याखाली आता लपवलेल्या दोन गोष्टी होत्या, त्याचा कान आणि माझा चौथा क्रमांक.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनानंतर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. ‘सैनिक घडवणारे गुरुजी.’ मी नको म्हणायला उभा राहिलो, टाळ्या वाजल्या. सगळ्यांना तो विनय वाटला. दोषी माणसाच्या नकारात आणि विनयात बाहेरून काही फरक दिसत नाही, हे मला तेव्हा समजले, आणि मी त्याचा फायदा घेऊन खाली बसलो.

हिवाळ्यात तो रजेवर आला. काकींनी त्याला अंगणातून पाठमोऱ्याला हाक मारली. तो वळला नाही. पुन्हा मारली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळू म्हणाल्या, “मास्तर, कागदात होता ना हा?” मी मान खाली घातली. मग त्या पोराच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या कायम त्याच बाजूला चालत.

त्या रजेत त्याला खेळायचे होते. काकांनी बॅट देण्याआधी कुरकूर केली. “मी फॉर्मात हाय,” ते म्हणाले. पण दिली. तो खेळला, पूर्वीसारखाच. फक्त डाव्या बाजूने मारलेली हाक त्याला कळत नसे, आणि त्यामुळे त्याच्याबरोबर खेळणारा हमखास धावबाद होई. मी चौथ्या क्रमांकावर आत गेलो आणि पहिल्याच चेंडूवर धावबाद झालो. मुलगा धावत आला, “सॉरी मास्तर, ऐकू आला नाय.” मी त्याला म्हणालो, तुझी चूक नाही. सबंध मैदानात ते वाक्य किती अचूक होते हे फक्त मला ठाऊक होते.

लढाईबद्दल तो फारसे बोलत नसे. एकदाच म्हणाला, “चढताना खांद्यावर ओझा, मास्तर. उतरताना माणसा.” मग त्याने मला विचारले, पोरे वर्गात त्रास देतात काय.

पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून तो २००९च्या सुमारास कायमचा घरी आला. काका त्याआधी दोन वर्षे वारले होते. तो तिसऱ्या दिवशी पोचू शकला होता. गावाने त्याच्या स्वागताचा मोठा कार्यक्रम ठरवला, आणि आदल्या दिवशी सकाळी तो स्वतः माझ्या ओट्यावर आला. अजूनही तसाच लांब हातांचा, केस मात्र करडे होऊ लागलेले. मी न सांगता त्याच्या उजव्या बाजूला बसलो.

“मास्तर, उद्या पहिला नारळ तुमाला. मी सगळ्यांना सांगितलाय. तुमी नसता तर मी काय होतो? शेतात बैलामागं.”

मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारले. मी तब्येतीचे सांगितले. तो हसून म्हणाला, “खुर्चीत बसायला काय तब्येत लागते?” आणि मग, का कोण जाणे, तो इतक्या भरवशाने बसला होता म्हणून असेल, मी त्याला सांगितले. एसटी स्टँडवरची भिंत, चौथा क्रमांक, अंडी, केळी, सारे. त्याच्या चांगल्या कानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “म्हंजे... ओपनिंगसाठी?”

“हो.”

“आणि मग बाबा गेले ओपनिंगला?”

“हो.”

“पाच वर्षं?”

“बाद न होता.”

तो हसू लागला. इतका हसला, की माझी बायको चहा घेऊन बाहेर आली ती तशीच परत आत गेली. डोळे पुसत तो म्हणाला, “मास्तर, मी गावात ऱ्हायलो असतो तर बाबांना बॅट कधी मिळाली नसती. म्हातारा खूश होता त्या पाच वर्षांत. मला धाडायच्या दर कागदात तुमच्याकडनं लिवून घ्यायचा, आज पण नॉटआउट.”

मला ते पुरले असते. माणूस समाधानाला किती पटकन हात पुढे करतो! मी म्हणणारच होतो, की मग झाले तर. पण त्याचे हसणे ओसरले होते. तो स्वतःच्या डाव्या कानाला हात लावून बसला होता.

“मी हसलो ते खरा हाय,” तो म्हणाला. “माझा काय नाय. मला फौज आवडली. पण आई अजून दर सोमवारी तुमच्या नावानं देवाला फूल ठेवते. तिला मी नाय सांगणार, मास्तर. तुमी सांगा. आणि उद्याच्या आत सांगा. तिच्यासमोर तुमाला नारळ द्यायचा तर तिला ठाव असायला पायजे, कोणाला देतो ते.”

आम्ही दोघे चालत त्याच्या घरी गेलो.  काकी पडवीत सुपात तांदूळ पाखडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “या मास्तर, बसा. चहा ठेवते.”

“चहा नको, काकी.”

“का? रोज घेता तो.”

“आधी ऐका, मग ठेवायचा तर ठेवा.”

त्यांनी सूप खाली ठेवले. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, चांगला कान आत करून. मी वर्गात हजारो वेळा बोललो आहे, पण त्या पडवीत माझा आवाज पहिल्यांदा निघाला तो काकींपर्यंतसुद्धा पोचला नाही. त्या म्हणाल्या, “मोठ्यानं बोला हो.”

मी मोठ्याने बोललो.

“काकी, तुमचा पोरगा मी देशासाठी मागितला नव्हता. मला पहिल्यांदा बॅटिंग पाहिजे होती म्हणून मी त्याला इथून घालवला. तुम्ही मला विचारलंत, त्याच्या मनात आहे की तुमच्या, आणि मी खोटं बोललो. कागदातलं कानाचंही लपवलं. तुम्ही माझ्या शब्दावर त्याला जाऊ दिलात, आणि तो शब्द खोटा होता. माझं चुकलं, काकी. मला माफ करा.”